वजडीतला जंत, काळजातला फोड आणि आमची पीसीआर

आखाडातला शेवटचा रविवार, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानासमोर ही मोठी रांग, वरून पाऊस, आणि मी मटण घ्यायला नाही तर आतडी बघायला दुकानाच्या मागच्या बाजूला उभी. दुकानवाले मामा मला लहानपणापासून ओळखतात, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी जंत पाहिजेत म्हटल्यावर आधी हसले आणि मग म्हणाले, "बाळ, वजडी धुताना लई निघत्यात, तू फकस्त सांग कशात धरायचं."

नेमकं तेच माझं चुकलं. पहिला जंत मिळाला तो मेंढीच्या लहान आतड्यातला, जवळजवळ दोन मीटर लांब, पांढरट, ओल्या फितीसारखा, त्याची पेरं लांबीला कमी आणि रुंदीला जास्त, हातावर घेतला तर अजून कोमट होता आणि हळूहळू आकसत होता. मी तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला कारण लॅबमधले जुने नमुने मी कायम फॉर्मॅलिनमध्येच बघत आले होते. आकार टिकवायला फॉर्मॅलिन चांगलंच, पण ते प्रोटीन आणि डीएनए एकमेकांत जखडून टाकतं, डीएनएचे तुकडेही पडतात, मग पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या पद्धतीला, धड काही मिळत नाही. तीनदा करून बघितली, तिन्ही वेळा जेलवर (त्यात डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात) लॅडर, म्हणजे मापाच्या पट्ट्या, सोडून काही नाही. फार वाईट वाटलं, कारण ती मेंढी काय परत येणार नव्हती.

आता कुणी म्हणेल, जंत तो जंत, नाव कशाला पाहिजे, औषध पाजलं की झालं. पण नाव कळल्याशिवाय तो कुठनं येतो हे कळत नाही. शेळ्यामेंढ्यांत सगळ्यात जास्त दिसतो तो मोनिझिया हा फीतकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत, त्यातले दोन नेहमीचे, एक्सपान्सा आणि बेनेडेनी. पेरांच्या सांध्यावर बारीक ग्रंथींची रांग असते, एक्सपान्साची रांग जवळपास रुंदीभर पसरलेली, बेनेडेनीची मधेच आखूड. पुस्तकात हे सोपं दिसतं, पण खऱ्या जंताला दोन काचांमध्ये दाबून कार्माइनने रंगवला की आकसलेल्या पेरांत ग्रंथी कुठनं कुठपर्यंत आहेत हे सांगताना डोळे दुखतात. आपल्याकडे आकाराच्या छोट्या छोट्या फरकांवरून मोनिझियाच्या कितीतरी 'नवीन' प्रजाती नोंदवल्या गेल्यात, महाराष्ट्रातल्याच बऱ्याच आहेत, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यातल्या अनेकांचा डीएनए एकदा तपासायलाच हवा, कारण जंत कुठल्या जनावरात वाढला, किती ताणला, कशात ठेवला यावरही त्याचा आकार बदलतो.

दुसऱ्या वेळी मामांकडे आधीच बाटल्या देऊन ठेवल्या, ७० टक्के अल्कोहोल भरून. मिठाच्या पाण्यात जंत स्वच्छ धुतला, म्हणजे मेंढीचा डीएनए चिकटून यायला नको, डोकं वेगळं ठेवलं (चार चूषक, आकडे नाहीत) आणि डीएनएसाठी तांदळाच्या दाण्याएवढाच तुकडा घेतला. जीन घेतला कॉक्स-१, मायटोकॉन्ड्रियातला. एका पेशीत त्याच्या भरपूर प्रती असतात म्हणून थोड्या नमुन्यातही सापडतो. या वेळी डीएनएच्या ४५० अक्षरांच्या जवळपास एकच स्वच्छ पट्टी दिसली आणि मी लॅबमध्ये एकटीच जोरात ओरडले. सिक्वेन्स, म्हणजे त्या अक्षरांचा क्रम, जेनबँक या सिक्वेन्सच्या जागतिक साठ्याशी जुळवला, मोनिझिया एक्सपान्सा.

मग मामांना सांगायला गेले की हा गवतातनं येतो, ओल्या मातीत आणि गवताच्या मुळाशी अगदी बारीक माईट (कोळ्याच्या जातीचे जीव) असतात, मेंढरं चरताना ते पोटात जातात आणि त्यातनं हा वाढतो, मटण खाऊन माणसाला होत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातलं काळीज, म्हणजे यकृत, उलटं करून दाखवलं, "मग ह्यो कशातनं येतो?"

लिंबाएवढा पांढरा फोड, दाबला तर आत पाणी. हायडॅटिड. हाही फीतकृमीच, पण एकायनोकॉकस नावाचा, आणि याचा पूर्ण वाढलेला जंत कुत्र्याच्या आतड्यात असतो, अवघा ३ ते ६ मिलिमीटरचा. कुत्र्याच्या विष्ठेतनं अंडी गवतावर, भाजीवर, हातावर येतात, ती मेंढी-म्हशीच्या पोटात गेली की काळजात नाहीतर फुप्फुसात असा फोड होतो, आणि माणसाच्या पोटात गेली तरी तसाच होतो, वर्षानुवर्षं कळत नाही आणि शेवटी बऱ्याचदा ऑपरेशन. मटण खाऊन नाही होत, अंड्यांतनंच होतो, हे मी मामांना दोनदा सांगितलं कारण ते घाबरले होते. फोडातलं पाणी सिरिंजने काढून बशीत थोडा वेळ ठेवलं तर तळाला वाळूसारखं काहीतरी बसतं, मायक्रोस्कोपखाली त्यातल्या एकेका कणाला आकड्यांचं कडं दिसतं, म्हणजे पुढच्या जंताचं डोकं तयार.

इथं जीनचं काम खरंच मोठं आहे. १९९२ मध्ये बोल्स या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कॉक्स-१ मधली ३६६ अक्षरं वाचून दाखवलं की दिसायला सारख्या फोडांमागे वेगवेगळे प्रकार आहेत, जी १, जी २ असे. आपल्या पश्चिम भारतात २००९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात गायी-म्हशींसारख्या जनावरांचे फोड तपासले तेव्हा जी ३, म्हणजे ज्याला म्हशीचा प्रकार म्हणतात, तो सगळ्यात जास्त निघाला, शिवाय जी ५ पण सापडला. जी ५ गायीत रुळलेला, त्याच्या फोडात ती वाळू बहुतेक असते, इतर प्रकारांचे गायीतले फोड पुष्कळदा वांझ निघतात. वांझ फोड कुत्र्याने खाल्ला तर काही होत नाही, वाळूवाला खाल्ला तर साधारण सहा-सात आठवड्यांत कुत्रा अंडी टाकायला लागतो. म्हणजे आपल्या भागात कुत्र्यांना नेमकं कुठल्या जनावराच्या काळजातनं लागतंय, हे जीन सांगू शकतो. ज्या कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पितात, तिथं म्हशीच्या प्रकाराबद्दल आपल्याला एवढं कमी माहीत असावं हे मला अजिबात पटत नाही.

मामा आधी असलं काळीज मागच्या कुत्र्यांना टाकायचे. आता झाकणाचा डबा ठेवलाय, त्यात जमा करतात आणि पुरतात, पुरायला जमलं नाही तर अर्धा तास उकळतात. मला पाहिजे तेवढं आधी बाटलीत काढून ठेवतात. परवाच्या बाटलीवर त्यांनी स्वतः पेन्सिलनं लिहिलंय: मेंढी, काळीज, कागलकडची. सोमवारी डीएनए काढते.