मुदत संपलेला पहारेकरी

वीस तारीख, दुपारचे साडेतीन. गिरगावातल्या एका सीएंच्या ऑफिसातून फोन आला. थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरून तयार, पण डिजिटल सहीचं यूएसबी टोकन (डीएससी) लावलं तरी सही होत नाही. शिवाय टॅलीत एक व्हाउचर सेव्ह होईपर्यंत चहा पिऊन होतो. सरांचं निदान तयारच होतं, "या अँटीव्हायरस कंपन्याच व्हायरस सोडतात रे." हा आरोप मी वर्षानुवर्षं ऐकतोय, पुरावा कुणी आणून दिलेला नाही. मशीनची वाट मात्र त्या दिवशी खरोखरच अँटीव्हायरसनेच लावली होती.

विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये प्रोव्हायडर्स पाहिले. दोन नावं. एक मशीनबरोबर फुकट आलेली ट्रायल, १४ महिन्यांपूर्वी संपलेली. दुसरं लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या बॉक्सचं, लायसन्स चालू. मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएलटीएमसी (fltmc) ही कमांड चालवली. कुठलीही फाइल उघडताना मध्ये कोण कोण उभं राहतं, त्याची ही यादी. प्रत्येक ड्रायव्हरपुढे अल्टिट्यूडचा, म्हणजे रांगेतल्या जागेचा, आकडा असतो. अँटीव्हायरसवाले ३,२०,००० च्या पट्ट्यात सापडतात, विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरचा ३,२८,०१०. त्या पट्ट्यात दोन्ही कंपन्या हजर होत्या. मुदत संपली म्हणजे ड्रायव्हर उतरतोच असं नाही. इथे तो लाल पॉप-अप दाखवत, व्हायरस ओळखायच्या जुन्याच यादीवर, टॅलीची प्रत्येक फाइल चाळत बसला होता.

खरा धक्का चालू लायसन्सवाल्याच्या एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे न तपासायच्या जागांच्या यादीत, होता. टॅली अडकतंय म्हणून आधी कुणीतरी अख्ख्या डी ड्राइव्हला सूट देऊन मोकळा झाला होता. पगार घेणारा पहारेकरी झोपवलेला आणि कामावरून काढलेला दारात पिशव्या तपासतोय! खात्रीसाठी नोटपॅडमध्ये आयकारची ६८ अक्षरांची चाचणीची ओळ डी ड्राइव्हवर सेव्ह केली. ती निरुपद्रवी असते, पण प्रत्येक अँटीव्हायरसने पकडायची असा संकेत आहे. काहीच झालं नाही.

आधी संपलेलं प्रॉडक्ट कंट्रोल पॅनलमधून काढलं, रिस्टार्ट, पुन्हा एफएलटीएमसी. ड्रायव्हर तसाच. बहुतेक जण इथे थांबतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करतात. कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल सेफ मोडमध्ये चालवल्यावर तो गेला. मग सूट फक्त टॅलीच्या डेटा फोल्डरपुरती ठेवली. आयकार पुन्हा सेव्ह करायला गेलो, तर फाइल क्षणात क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटीव्हायरसच्या कोठडीत.

सही अजून अडलेलीच होती. जीएसटीचा ईएमसाइनर, म्हणजे टोकनवरून सही करून देणारा प्रोग्राम, मशीनवरच १२७.०.०.१:१५८५ वर ऐकत असतो. अँटीव्हायरसचं एचटीटीपीएस स्कॅनिंग स्वतःचं सर्टिफिकेट घालून ब्राउझर आणि पलीकडच्या पत्त्याच्या मध्ये बसतं, तिथे हे जोडणं तुटत होतं. तेवढा पत्ता स्कॅनिंगमधून वगळला, ईएमसाइनर अ‍ॅडमिन म्हणून पुन्हा चालू केला, ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडून सर्टिफिकेट मान्य केलं. सही झाली.

सरांनी चहा मागवला आणि ठरलेला प्रश्न विचारला, "मग कंपनी कुठली चांगली? ती रशियाची नको ना?" कॅस्परस्कीवर अमेरिकेने २०२४ मध्ये बंदी घातली, पण कारण रशियन सरकारचा दबाव येऊ शकतो हे होतं. व्हायरस पकडण्यात ते कमी पडले म्हणून नव्हे. उलट अवास्टचं पकडणं चांगलं होतं, तरी ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीतून विकल्याबद्दल २०२४ मध्येच तिथल्या एफटीसी या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आणि नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अविरा ही चार दुकानं वाटतात, पण मालक एकच, जेन डिजिटल. डब्यावरच्या नावाने भांडण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. मी सरांना अँटीव्हायरसची परीक्षा घेणाऱ्या एव्ही-टेस्टचा तक्ता दाखवला. संरक्षण, वेग आणि वापरसुलभता, प्रत्येकी ६ गुण. लोक पहिला रकाना वाचून सोडतात. चांगली फाइल व्हायरस समजून उडवण्याचं प्रमाण तिसऱ्यात कळतं, आणि वीस तारखेला सीएंना तोच रकाना नडतो.

"म्हणजे फुकटचं डिफेंडरही चालेल?" सरांनी विचारलं. चालेल, पण बॅकअपची डिस्क रोज संध्याकाळी काढून कपाटात ठेवणार असाल तर; म्हणजे एखादा व्हायरस निसटलाच तरी एक प्रत वाचते. ती डिस्क मागच्या यूएसबीत कायमची खोचलेली होती, धूळ बसलेली.

साडेसातला शेवटचं रिटर्न गेलं. मग बाकीच्या दहा मशीनवर एफएलटीएमसी चालवलं. आणखी चार ठिकाणी तोच जुना पहारेकरी दारात उभा होता.