एका माणसामागे एक डॉलर

टेरी फॉक्सचे नाव निघाले की कॅनडातील लोकांच्या डोळ्यांसमोर कृत्रिम पाय पुढे पडेपर्यंत धडक्या पायावर दोनदा उडी घेत धावणारा, कुरळ्या केसांचा तरुण उभा राहतो. मला मात्र त्याच्यामागचा हिशेब आधी आठवतो. मार्च १९७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. त्या वेळी जगण्याची शक्यता ५० टक्के असल्याचे त्याला सांगण्यात आले आणि दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के होती, हेही त्याला समजले. पुढे केमोथेरपीच्या महिन्यांत रुग्णालयात त्याने लहान मुलांचे हाल पाहिले. कॅनडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायचे आणि त्यातून पैसा उभा करायचा तो कर्करोगाच्या संशोधनासाठीच, हा त्याचा निश्चय यातून आला.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात राहायला येईपर्यंत मी हे नावही ऐकले नव्हते. एका सप्टेंबरमध्ये मुलीच्या शाळेने टेरीच्या नावाने होणाऱ्या दौडीसाठी दोन डॉलरचे नाणे मागवले आणि कपड्यांवर लावायचे एक स्टिकर पाठवले. आपण कोणासाठी धावत आहोत ते त्यावर लिहायचे होते. तिने देवनागरीत 'आजी' असे लिहिले. माझी आई त्याआधीच कर्करोगाने गेली होती, त्यामुळे हा टेरी कोण, हे मी त्याच रात्री वाचून काढले.

१२ एप्रिल १९८० रोजी कॅनडाच्या पूर्व टोकाला सेंट जॉन्स येथे अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून तो पश्चिमेकडे निघाला. मित्र डग ऑलवर्ड व्हॅन चालवत असे आणि टेरी रोज सुमारे ४२ किलोमीटर धावत असे. सुरुवातीला प्रतिसाद जेमतेमच होता. परंतु न्यूफाउंडलंडमधील पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजारांहून अधिक डॉलर दिले. पुढे प्रत्येक कॅनेडियनमागे एक डॉलर, म्हणजे सुमारे २.४ कोटी, हेच त्याचे उद्दिष्ट झाले. मोठी रक्कम सर्वांत लहान देणगीने मोजण्याची ही रीत मला विलक्षण वाटते, कारण तीत दोन डॉलर देणाऱ्या शाळकरी मुलालाही कमीपणा येत नाही.

१ सप्टेंबर रोजी ओंटारिओतील थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसांत पोहोचला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले होते. फेब्रुवारी १९८१ मध्ये निधीने उद्दिष्ट गाठले, ते त्याने पाहिले. २८ जून रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, तो गेला. थंडर बेजवळचा त्याचा पुतळा आम्ही एका प्रवासात पाहिला. तोही पश्चिमेकडेच तोंड करून आहे. तिथून पुढे प्रेअरीचा सपाट प्रदेश आणि मग रॉकी पर्वत उरला होता, आणि त्याने हे अंतर केवळ नकाशावरून ठरवले नव्हते, तर वर्षभराहून अधिक काळ सराव करून अंगावर घेतले होते, हे तिथे उभे असताना प्रकर्षाने जाणवले.

आपल्या धावण्यातून कोणाचा धंदा होऊ नये, याबद्दल तो ठाम होता. त्याच्या नावाच्या दौडीत म्हणूनच आजही विजेता नसतो, बक्षीस नसते. तरीही ८५ कोटी डॉलरहून अधिक निधी उभा राहिला आहे. (दुसऱ्या काही धर्मादाय दौडींत प्रायोजकांच्या फलकांआड कारणच दिसेनासे होते, हे मी पाहिले आहे.) मुंबईतही ही दौड झालेली असून तिचा निधी टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधनाला मिळाला आहे. आईच्या आजारपणात परळच्या वाऱ्या करताना मला याची कल्पना नव्हती. आता सप्टेंबरमध्ये आम्ही सगळेच या दौडीला जातो. मुलगी धावते, मी चालते, आणि तिथे त्याने काहीही फरक पडत नाही.