तुम्ही विचारलंत म्हणून: मुलगी 3

लग्नात, शाळेच्या ग्रुपवर, परवा तर दाताच्या डॉक्टरांकडेसुद्धा तोच प्रश्न: "बाई असून डिओच्या तसल्या जाहिराती लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?" एकदाच सांगते.

टीव्हीवर वास दाखवता येत नाही. बहुतेक डब्यांत तेच असतं: अल्कोहोल, सुगंध, गॅस. मग वासाने समोरच्याचं काय होतं ते दाखवायचं. मुलगा किडकिडीत घ्यायचा आणि त्याच्यामागे मुली धावायला लावायच्या. अतिशयोक्ती जितकी मोठी तितकं आपण सुरक्षित, कारण कुणी हरकत घेतली की "अहो, गंमत आहे" म्हणता येतं. हे मी मीटिंगमध्ये म्हटलंय आणि मला ते पटलेलंही होतं. हसं तर त्या मुलाचंच होत होतं ना?

2009 साली वर्सोव्याला, आरामनगरात ऑडिशन होती. नाशिकहून आलेल्या एका मुलीने स्क्रिप्ट दोनदा वाचली आणि मला विचारलं, "ताई, मी त्याच्याकडे का जाते?"

"वास येतो म्हणून."

"ते कळलं. पण मी निघालेय कुठे?"

कॅमेरावाला हसला, असिस्टंट हसला. मीही हसले. ती गप्प झाली आणि जमिनीवरच्या चिकटपट्टीवर जाऊन उभी राहिली. अकरा वेळा आम्ही तिला तेच करायला लावलं. "डोळ्यांत अजून भूक येऊ दे," हे मीच सांगत होते. शेवटी तिने दाराशी वाकून सँडलचे पट्टे लावले आणि माझ्याकडे न बघता "थँक्यू ताई" म्हणाली. स्क्रिप्टमध्ये तिचं नाव होतं 'मुलगी 3'. ते मी टाइप केलं होतं.

2011मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने डिओच्या जाहिरातींवर बोट ठेवलं, तेव्हा मी चिडले होते. यांना विनोद कळत नाही, म्हणाले होते. मग 2022च्या जूनमध्ये लेअर शॉट नावाच्या डिओची जाहिरात पाहिली. दुकानात चार पुरुष, एक घाबरलेली बाई आणि 'शॉट' या शब्दावर कोटी. मंत्रालयाने ती काढायला लावली. तसलं मी कधीच लिहिलं नाही, हे ठासून सांगते. पण कोटीच्या आड लपायची ती रीत माझ्या ओळखीची होती.

नोकरी होती, घराचे हप्ते होते. दुसरा मार्ग नव्हता, असंही मी सांगत आले. पण फॉग या ब्रँडने "गॅस नाही" म्हणत, फवारे मोजून डिओ विकला. ते आठवलं की माझं उत्तर अडतं. तरीही मी ते अजून सोडलेलं नाही.