पहिली पन्नास पानं

यंग अडल्ट फँटसीची, म्हणजे किशोरवयीनांसाठी लिहिलेली जादूच्या कल्पित जगातली, कादंबरी पहिल्यांदाच हातात घेतलेला वाचक लांबून ओळखू येतो. त्याचं एक बोट चालू पानात असतं आणि दुसरं पुस्तकाच्या सुरुवातीला, नकाशात. परिच्छेद संपला की तो मागे जातो. हे गाव कुठलं, अमक्या घराण्याचं राज्य डोंगराच्या अलीकडे की पलीकडे, मघाशी आला तो सरदार हाच का दुसरा? अशी चाळीसेक पानं झटापट केल्यावर तो पुस्तक मिटतो आणि 'हे पोराटोरांचं काहीतरी आहे' म्हणून मोकळा होतो. पोराटोरांना मात्र हा त्रास होत नाही, कारण ती ते नकाशातलं बोट ठेवतच नाहीत.

या कादंबऱ्यांची पहिली पन्नास पानं अर्धवटच कळावीत अशी लिहिलेली असतात. मुख्य पात्र साधारण पंधरा ते अठरा वर्षांचं. कुणी खेड्यातून राजवाड्यात येऊन पडलेलं, कुणाला आपल्या अंगात काही विद्या आहे हे आत्ताच कळलेलं. त्या जगाबद्दल त्या मुलीलाही आपल्याइतकंच ठाऊक असतं आणि ही लेखकाची सोयच असते. ती शिकेल तसतसं आपल्यालाही कळणार. जो शब्द खरोखर महत्त्वाचा आहे तो पुन्हा पुन्हा येतो. जो आला नाही, त्याच्यावाचून काही अडत नाही. सुरुवातीला तीनच गोष्टी धरून ठेवाव्यात: गोष्ट कुणाची आहे, तिला काय हवंय आणि आड कोण येतंय. बाकीची नावं गाडीच्या डब्यातल्या सहप्रवाशांसारखी असू द्यावीत. ज्याला बोलायचंय तो आपणहून बोलेल.

नावांचं दुखणं मात्र खरं आहे. मधेच अपॉस्ट्रॉफी असलेली, तीन व्यंजनं एकमेकांना चिकटलेली, त्यात दोन भावांची नावं एकाच अक्षराने सुरू होणारी. इंग्रजीत वाचताना डोळा असं नाव न उच्चारताच ओलांडून जातो आणि शंभर पानांनी दोन माणसांचा एकच माणूस झालेला असतो. यावर मराठी वाचकापाशी हुकमी उपाय आहे. बुकमार्कवर चार-पाच मुख्य नावं देवनागरीत लिहून ठेवायची. देवनागरीत लिहायचं तर उच्चार ठरवावाच लागतो, टाळता येत नाही. लेखकाच्या मनातला उच्चार वेगळा असला तरी हरकत नाही, आपला एकच राहिला म्हणजे झालं. शब्दसूची किंवा वंशावळ शेवटच्या पानांवर असेल तर तिकडे मात्र फिरकू नये. कोण कुणाचं मूल, हे रहस्य चारशे पानं जपलेलं असतं आणि वंशावळीतली एक रेघ ते फोडून टाकते.

नकाशा सुरू करण्यापूर्वी एकदा बघावा: समुद्र कुठल्या बाजूला, डोंगर कुठे, मोठ्या अक्षरांत काय काय लिहिलंय. मग पात्रं प्रवासाला निघेपर्यंत त्याला सुट्टी द्यावी. काही नकाशे निव्वळ शोभेचे असतात, काही गोष्टीच्या आधी जन्मलेले. उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी १९६८ सालची. त्यांनी बेटांचा नकाशा आधी काढला आणि मग त्या बेटांवर काय घडतं ते शोधत गेल्या. अशा पुस्तकात नायक होडीत बसला की नकाशा उघडावा, तिथे तो खरंच कामाला येतो.

त्याच कादंबरीत जादू वाचायची कशी याचाही धडा आहे. तिथे प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची तुमच्यावर सत्ता चालते. म्हणून रोजच्या वापराला टोपणनाव. हा नियम ज्याने मनावर घेतलाय त्याला पुढचा एक प्रसंग थांबवतो: निरोपाच्या वेळी एक मित्र दुसऱ्याला आपलं खरं नाव सांगतो. बस, एवढंच. ना वीज कडाडते, ना कुणी मंत्र म्हणतं. दोन ओळींची देवाणघेवाण, पण त्या जगात याहून मोठा विश्वास टाकता येत नाही. नियम विसरलेला वाचक हे साधा संवाद समजून पुढे निघून जातो.

जादू दिसली की विचारायचे प्रश्न म्हणूनच थोडे आहेत. ती कुणाला येते? तिच्याने काय होत नाही? आणि करणाऱ्याला ती कितीला पडते, म्हणजे रक्त, आयुष्य, आठवण, झोप, काय मोजावं लागतं? राक्षसाचा जीव पोपटात आहे हे आधी कळलेलं असतं म्हणूनच पोपटाची मान पिरगळण्यात थरार असतो. शेवटी अचानक नवीनच शक्ती उगवून नायिका सुटली, तर खुशाल चिडावं. ती लेखकाचीच चूक आहे.

मोठ्या वयात या वाटेला येणाऱ्याला आणखी एक गोष्ट खुपते: ही मुलं मोठ्यांना सरळ सांगत का नाहीत? मोठी माणसं इथे बहुधा मेलेली, हरवलेली किंवा फितूर असतात. शहाणा आणि समर्थ मोठा माणूस जवळ असता तर गोष्ट तिसऱ्या प्रकरणात संपली असती. प्रेमाच्या त्रिकोणाबद्दल काही बोलायला नको, तो असतो.

मालिका कुठून सुरू करायची हा प्रश्न मात्र बारीकसारीक नाही. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाची पुस्तकं सात. सिंह, चेटकीण आणि कपाटाची गोष्ट १९५० साली सगळ्यात आधी आली. त्या जगाच्या जन्माची गोष्ट १९५५ साली आली, सहावी. नंतरच्या अनेक संचांवर मात्र तिलाच पहिला क्रमांक दिलेला असतो आणि नवखा तिथूनच सुरुवात करतो. आता १९५० च्या पुस्तकातलं ते दृश्य बघा: कपाटातून आत गेलेली लहान मुलगी बर्फाळ जंगलात पोचते आणि झाडांच्या मधोमध रस्त्यावरचा दिव्याचा खांब जळत असतो. कुणी लावला, का लावला, काही पत्ता नाही. ते कोडं जन्मकथेत सुटतं. तीच आधी वाचली तर खांब हा नुसता खांब उरतो. म्हणून प्रकाशनाचा क्रम धरावा. लेखकाने पत्ते त्याच क्रमाने उघडलेले असतात.

पहिल्या भागाच्या जाडीवरून मालिकेचा अंदाज बांधू नये. हॅरी पॉटरचा १९९७ चा पहिला भाग ब्रिटिश आवृत्तीत २२३ पानांचा होता आणि २००३ चा पाचवा ७६६ पानांचा. सवय नसेल तर तीन-चारशे पानांत पुरी होणारी, एकटीच उभी असलेली कादंबरी आधी घ्यावी. त्रयीच घेतली तर मधला खंड रेंगाळेल हे धरून चालावं. पहिल्याने मांडलेलं आणि तिसऱ्यासाठी राखलेलं, अशा दोन्हींच्या मधे तो अडकलेला असतो.

आणि पुस्तक संपल्या संपल्या, कपाटात जाण्याआधी, पहिलं प्रकरण परत एकदा वाचावं. वीसेक मिनिटं लागतात. मागच्या वेळी ज्या सरदारासाठी नकाशात बोट घातलं होतं, तो आता उंबऱ्यात उभा राहून मुलीकडे न बघता जे वाक्य बोलतो, ते का बोलतो हे कळतं.