किलपेकच्या चर्चची वळचण

इंग्लंडमधलं मोठं कॅथेड्रल बघून आलेल्यांना मी आवर्जून सांगते, एक दिवस किलपेकसाठी ठेवा. हेरफर्डपासून साधारण १३ किलोमीटरवर, वेल्सच्या सीमेजवळचं हे गाव आहे. गाव कसलं, चार घरं, एक पब आणि हे चर्च! ते ११४०च्या आसपास बांधलेलं, म्हणजे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याला तेव्हा जेमतेम पाऊणशे वर्षं झाली होती.

आत जायची घाई करू नका. खरी मजा बाहेर आहे. छपराच्या वळचणीखाली भिंतीतून पुढे आलेल्या आधाराच्या दगडांची, म्हणजे ब्रॅकेटची, ओळ चर्चभोवती फिरते आणि प्रत्येकावर वेगळं काहीतरी कोरलंय. आज ८५ शिल्लक आहेत. एकावर कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेत, ते इतके गोड की आजच्या व्यंगचित्रातले वाटावेत. येशूचं प्रतीक असलेला कोकरू मात्र सरळसरळ घोडा दिसतो. कारागिराने मेंढी पाहिली नव्हती म्हणावं, तर हा मुलूखच मेंढ्यांचा!

आणि पूर्वेकडच्या अर्धगोल भागावर ती. मोठं डोकं, टक्कल, गोल डोळे, आणि दोन्ही हातांनी आपली योनी फाकवून दाखवणारी बाई. चर्चवर! इथे तिला शीला-ना-गिग म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला लज्जागौरी आठवल्याशिवाय राहत नाही; तेर, भोकरदनला सापडलेल्या मूर्ती डोळ्यांपुढे येतात. पण फरक बघा: लज्जागौरीला बहुधा डोकंच नसतं, त्या जागी कमळ, इथे डोकंच सगळ्यात ठसठशीत. लज्जागौरी पूजेची देवता. ही नेमकी कोण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं वासनेविरुद्धचा इशारा, कुणी म्हणतं दृष्ट काढणारी, कुणी सुफलतेशी जोडतं. मला इशाऱ्याची गोष्ट पटत नाही. घाबरवायचं असतं तर चेहरा इतका मिश्कील कशाला केला असता?

दक्षिणेचा दरवाजाही सोडू नका. खांबांवर वेलींत गुरफटलेले योद्धे आहेत, तोंडातून पानं-वेली ओकणारा चेहरा आहे. तांबूस वाळूचा दगड असूनही नक्षी अजून धारदार आहे.

चर्चमागे नॉर्मन किल्ल्याचं पडीक टेकाड आहे, तेही चढा. आणि दुर्बीण न्या, वळचणीतली बारीक चित्रं नुसत्या डोळ्यांनी नीट कळत नाहीत.