आयरिश कथाकथन : केरी ते डब्लिन, कुठवर आले

आयरिश गोष्टी शिकायला उन्हाळ्यात जाणं म्हणजे अवेळी जाणं. फिन मॅकूल हा दंतकथेतला वीर आणि त्याची फियना नावाची वीरांची टोळी, यांच्या लांबलचक कथा परंपरेने साऊनच्या सणापासून, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्रीपासून, पुढे हिवाळाभर सांगायच्या. त्याही अंधार पडल्यावर. दिवसा सांगणं अशुभ. आमची आजी 'दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो' म्हणायची, त्यामुळे हा नियम मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. पण जूनमध्ये केरीत, म्हणजे आयर्लंडच्या नैऋत्य टोकाच्या परगण्यात, रात्री दहालाही उजेड असतो. मग सांगणार कधी? बिनपगारी रजा मात्र तेव्हाच मिळाली, बहीण डब्लिनला आहे, म्हणून निघाले.

इथे सांगणारे दोन प्रकारचे मानतात. श्केली सांगतो त्या मोठ्या कथा: राजपुत्र, राक्षस, फिनची युद्धं. शॅनखीकडे गावाच्या आठवणी: कुणाचं कूळ कुठलं, कुठल्या शेतात परी दिसली, कुठल्या खडकावर नाव फुटली. जाताना माझा सगळा ओढा श्केलीकडे होता.

केरीतल्या डिंगल द्वीपकल्पाच्या टोकाला डून खीन हे गाव आहे. समोर समुद्रात ग्रेट ब्लास्केट बेट. १९५३ साली उरलेल्या माणसांना तिथून हलवलं. पेग सेयर्स (१८७३–१९५८) लग्न होऊन त्या बेटावर गेली. पुढे लोककथा गोळा करणाऱ्या आयरिश आयोगाच्या शोसव ओ डालीने तिच्याकडून साडेतीनशेच्या आसपास गोष्टी उतरवून घेतल्या. आवाज एडिफोन नावाच्या यंत्रात मेणाच्या नळकांड्यांवर धरायचा, कागदावर उतरवायचा, आणि नळकांडं तासून पुन्हा वापरायचं. काटकसर! मजकूर जपला, आवाज बहुतेक गेला. आपण गोष्टी सांगणारे लोक सांगण्याच्या लयीसाठी जीव टाकतो, त्यामुळे हे कळल्यावर मला थोडं चिडायलाच झालं.

आता मुख्य काम. वीरकथांमध्ये 'रन' येतात: नाव समुद्रात लोटताना, वीर शस्त्रं चढवताना, लढाई जुंपताना ठरावीक वाक्यांची एक लड धडाधड म्हणायची. भाषा जुनी, काही शब्द ऐकणाऱ्यालाही धड कळत नाहीत, पण त्यातलं अक्षर हलत नाही. आजूबाजूची गोष्ट मात्र त्या रात्री सुचेल तशी. माझी समजूत होती की रन दिपवण्यासाठी असते. जेम्स डेलार्गी हा आयरिश लोककथांचा अभ्यासक सांगतो की ती कथेकऱ्याची विसाव्याची जागा आहे. जीभ आपोआप चालते, तेवढ्यात डोकं पुढचा प्रसंग जुळवतं. कीर्तनात आर्या-साकी पाठ आणि निरूपण मोकळं असतं ना, जवळपास तीच सोय. मी आजवर गोष्टी अथपासून इतिपर्यंत घोकत आले. आता सांगाडा, नावं आणि रन एवढंच पक्कं करते, बाकी सोडून देते. पहिल्यांदा हात सोडून सायकल चालवावी तशी पोटात कालवाकालव होते, पण समोरच्यांकडे बघता येतं. पाठ म्हणताना माझी नजर नेहमी वरच्या वाशाकडे जायची.

डेलार्गीच्याच नोंदीतला शॉन ओ कॉनेल मला फार आवडतो. बॅलिनस्केलिग्जजवळचा शेतकरी-कोळी, लिहिता-वाचता येत नव्हतं, आयरिशखेरीज भाषा नाही. १९२३ मध्ये डेलार्गी भेटला तेव्हा सत्तरीचा. ऐकणारे उरले नव्हते, गोष्टी विसरू नयेत म्हणून गुरं राखताना तो दगडी गडग्याला हातवारे करून सांगायचा. बाजारातून परतताना चढावर गाडीच्या पाठीला सांगायचा. मी कड्यावरच्या रस्त्याने मेंढ्यांना सांगते. वारा इतका असतो की आवाज आपोआप छातीतून निघतो; हा रियाज फुकटात झाला.

पर्यटकांसाठीची एक 'पारंपरिक रात्र' पाहिली. माईक, नकली शेकोटी, विनोदांना टाळ्या. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहित नाही.

रॅम्बलिंग हाऊस मात्र खरं. शेजारीपाजारी रात्री एका घरी जमतात, गाणी, बासरी, गोष्टी, मधे चहा आणि ब्राऊन ब्रेड. जुनी म्हण आहे: पहिली गोष्ट घरधन्याची, मग उजाडेपर्यंत पाहुण्याची. पाहुणी मी! मी चिऊ-काऊची सांगितली, इंग्रजीत. पण 'चिऊताई चिऊताई, दार उघड' तसंच मराठीत ठेवलं. 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' पर्यंत आले तोवर अख्खी खोली केरीच्या हेलात 'दार उघड' ओरडत होती. आपल्याकडे रन आहे, ती आपण बालवाडीत ठेवून दिली आहे. संपल्यावर एका आजोबांनी गंभीरपणे विचारलं, "हे घर कुठल्या गावातलं?" मी म्हटलं, गाव नसतं त्यात. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. शॅनखीची अर्धी ताकद जागेत असते, हे तिथे कळलं. तेव्हापासून माझ्या चिऊचं घर वर्ध्याला आहे, रेल्वे फाटकाजवळ.

परतताना डब्लिनमधल्या मराठी मुलांचे शनिवारचे वर्ग घेतले. १९३७ ते १९३९ मध्ये आयर्लंडमधल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांनी निबंधाऐवजी घरच्या-शेजारच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, उपाय, कोडी लिहून आणली. ती पानं आज इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. मी तोच गृहपाठ दिला: आजीला व्हिडिओ कॉल करा, नाहीतर शेजारच्यांना विचारा, जागेचं नाव आणल्याशिवाय गोष्ट चालणार नाही. एकाने आयरिश शेजारणीकडून फिनची गोष्ट आणली. बॉइन नदीतला ज्ञानाचा सामन मासा फिन भाजत असतो, फोड येते, तो अंगठा तोंडात घालतो आणि शहाणा होतो. सांगताना पोराने मासा तव्यावर टाकला, वर रवा लावला. शेजारणीने असं सांगितलं? "नाही, पण रव्याशिवाय चिकटेल ना." मी दुरुस्त केलं नाही. अंगठा आणि बॉइन जागेवर होते.

सध्या नावेची रन मराठीत बांधते आहे. आर्येत अडखळली, ओवीतही धड बसेना, म्हणून मोकळीच ठेवली:

शिडं चढवली, एक पांढरं, एक निळं, एक रक्ताच्या रंगाचं.
तळाची वाळू वर आली, वरचा फेस तळी गेला.
वल्हं मोडलं नाही, दोर तुटला नाही, वाटेत कुणी मागे वळलं नाही.

तिसरी ओळ मोठ्याने म्हणताना श्वास पुरत नाही. 'वाटेत' काढून बघणार आहे. साऊनला रात्री, दिवे लागल्यावर, पूर्ण कथा सांगायची ठरवली आहे. नागपूर भागातल्या कुणाला यायचं असेल तर चिऊ-काऊसारख्या पालुपदाच्या गोष्टी घेऊन या, गावाच्या नावासकट.