पंपाचा मिस्त्री बोटीवर

शहाद्याकडे शेतीपंपांची डिझेल इंजिनं खोलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सगळीकडे विजेच्या मोटारी बसल्या आणि काम आटलं. अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठी मात्र सरदार सरोवराचं पाणी फुगलं की पायवाटा बुडतात, काही पाड्यांना बोटीशिवाय इलाज नाही. तिथल्या एका बोटवाल्या दादांच्या हाताखाली मी बोटीची इंजिनं दुरुस्त करायचं काम शिकलो.

इंजिन ओळखीचंच, हँडल मारून चालू होणारं. डिझेल संपून एअर धरली तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचं, मग नोझलच्या पाइपाचा नट ढिला करून हँडल मारायचं. हे मला झोपेतही जमतं. दादा म्हणाले, "ते राहू दे, पहिले पानी दख, भो."

विहिरीवर इंजिन तापलं तर बंद करून निंबाखाली बसता येतं. मधल्या धारेत बंद केलं तर वारा नेईल तिकडे जावं लागतं. म्हणून निघण्याआधी इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार बघायची. बारीक झाली की आधी पाणी आत घेणारी जाळी काढायची. पहिल्या पुरात तिच्यात गाळ आणि पालापाचोळा गच्च बसतो. जाळी साफ असेल तर पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, बघायचं. त्याचं पातं तुटलं असेल तर नवा बसवून भागत नाही, तुटलेला तुकडाही शोधायचा. तो पुढे पाण्याच्या वाटेत अडकतो आणि नव्या इम्पेलरनेही इंजिन तापतं. तुकडे जुळवून बघितल्याशिवाय दादा कव्हर लावू देत नसत.

पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवायला दोरी भरलेली ग्लँड असते, तिला पंपाचं ज्ञान कामी आलं. चालताना थेंब थेंब गळायलाच हवं. कोरडं आवळलं की दोरी जळते, शाफ्ट झिजतो. काळ्या धुराचं मात्र उलटं. शेतात मी थेट नोझल खोलायचो, इथे आधी पंख्यात जाळं गुंतलंय का, माणसं जास्त भरलीत का ते बघायचं.

पेट्रोलवरच्या छोट्या ओबीएमचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाचं, वेगळंच. दादांच्या टू-स्ट्रोकला लिटरभर पेट्रोलला 20 मिली ऑइल लागतं, आणि पंख्याला पिन असते. पंखा बुडालेल्या खोडावर आपटला की ती तुटते आणि गिअर वाचतो. काही जण तिच्या जागी खिळा ठोकतात. तसली बोट आली की मी आधी खिळा काढतो, भाव नंतर सांगतो.